मावशी, डोकं धुवायला देवीची मनाई नाही

वाशीम

प्रिय मावशीस,


हे पत्र नातीकडून मोठ्यानं वाचून घे आणि मधेच उठून जाऊ नकोस. तुला विचारूनच मी ते छापायला देते आहे. तुझं नाव, गाव कुठेही येणार नाही, हा दिलेला शब्द पाळला आहे. मानोऱ्याकडे, मंगरूळपीरकडे, खाली रिसोडच्या बाजूला तुझ्यासारख्या बायका मी दवाखान्यात पाहते. डोक्यावर जट असते, तिच्यावर हळद-कुंकू असतं, लोक पाया पडतात. पण त्या जटेखालच्या कातडीकडे कुणी वर्षानुवर्षं पाहिलेलं नसतं. तुझ्याबरोबर त्यांच्याही कानावर हे जावं.

“जट काप” हे तू इतक्या जणांकडून ऐकलं आहेस, की ते शब्द निघाले की तू पदर पुढे ओढून घेतेस. म्हणून मी आज तिथून सुरुवात करत नाही. कापायची की ठेवायची, हे तू ठरव. माझं मागणं त्याच्या आधीचं आहे: डोकं धुऊ या. जट तू देवीची मानतेस ना? मान. पण तिच्याखालचं डोकं तुझं आहे आणि त्याला पाणी लागतं, ऊन लागतं, वारा लागतो.

दिवाळीत तुझ्या डोक्याला मालिश करताना मी बोलले नाही, कारण घर पाहुण्यांनी भरलं होतं. तुझ्या उजव्या कानामागे खपली धरलेली होती, मानेच्या खाचेत कातडी लाल आणि ओलसर होती, आणि जट जिथे सगळ्यात जाड आहे तिथून कुबट वास येत होता. तू म्हणालीस, “हे असंच असते, देवीचं आहे.” मावशी, मी नर्स आहे. तो वास बुरशीचा आणि कुजलेल्या मळाचा आहे. तो देवीच्या नावावर टाकू नकोस.

तुझी जट कशी आली ते मला आईनं सांगितलं आहे. १९९८ साली अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला, त्याच पावसाळ्यात तुला मुदतीचा ताप आला. कितीतरी दिवस तू अंथरुणावर होतीस. डोक्याला फणी नाही, न्हाणं नाही, घाम मात्र सारखा. उठलीस तेव्हा मागचे केस एकमेकांत गुंतून त्यांचा गोळा झाला होता. पुढे नवरात्र आलं आणि नऊ दिवस फणी लावायची नाही म्हणून तो गुंता तसाच राहिला. मग शेजारच्या म्हातारीनं पाहिलं आणि म्हणाली, “तुले देवी लागली वं माय, माहूरची रेणुका आली.” झालं! त्या दिवसापासून तुझे केस तुझे राहिले नाहीत.

आता यात शरीराचं काय झालं ते ऐक. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले पन्नास ते शंभर रोज गळतात. तुझे, माझे, सगळ्यांचे. माझे गळलेले केस फणीत येतात, अंगणात पडतात. तुझे गळले तरी जटेतच अडकून राहतात. प्रत्येक केसावर बारीक खवले असतात. घासले की ते एकमेकांत अडकतात. त्यात डोक्याचं तेल, घाम, धूळ आणि वरून लावलेलं हळद-कुंकू बसलं की सगळं चिकटून घट्ट होतं. केस महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. म्हणजे तुझ्या जटेच्या टोकाचे केस अजून त्या तापाच्या वर्षाचे आहेत, मुळापासून केव्हाच सुटलेले. जट “वाढते” आणि “जड होते” ती अशी. तू काही केलं नाहीस तरी ती वाढणारच, कारण केस गळायचे थांबत नाहीत आणि अडकायचेही थांबत नाहीत.

आणि कातडी? डोक्याची कातडी म्हणजे पाठीची, पोटाची असते तशीच कातडी. फरक इतकाच, की तिच्यात तेलाच्या ग्रंथी जास्त आणि दाट आहेत. तिचा वरचा थर सतत झडत असतो आणि खालून नवा येत असतो. उघड्या डोक्यावरून तो थर न्हाताना निघून जातो. जटेखाली तो साचतो, तेलात भिजतो. सगळ्यांच्या डोक्यावर राहणारी एक बारीक बुरशी त्या तेलावर पोसते आणि खाज सुरू होते. तू नखानं खाजवतेस, नखाखालचे जंतू आत जातात, पू होतो. तुला साखरेचा आजार आहे. साखर असलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही, हे तुझ्या पायाच्या बाबतीत तुला पटलं आहे. पाय तू रोज धुतेस, रोज न्याहाळतेस. डोक्याला तोच न्याय दे.

तू म्हणशील, जटेला पाणी लावलेलं देवीला चालत नाही. हे तुला कोणी सांगितलं, ते आठवून बघ. महादेवानं गंगा झेलली ती जटेतच ना? साधू कुंभाला जातात ते जटा घेऊन नदीत बुडी मारायलाच जातात. नाशिकला गोदावरीत जटाधारी उतरतात, ते डोकं कोरडं ठेवून उतरत नाहीत. मग वाशीम जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यालाच पाण्याची बंदी कुठून आली? मला तरी ही बंदी देवीची वाटत नाही. जटेला भिणाऱ्या माणसांनी ती घातली आहे आणि तिचा त्रास फक्त बाईला होतो.

आता न्हायचं कसं ते सांगते. नातीला नीट लक्ष द्यायला सांग, करायचं तिलाच आहे.

दिवस उन्हाचा निवड आणि सकाळी लवकर सुरू कर. संध्याकाळी कधीच नाही. आठवड्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात झड लागली असेल तर दोन दिवस पुढे ढकल, पण ऊन दिसलं की त्या दिवशी न्हाऊन घे. पाणी कोमट, कढत नको. शॅम्पू थेट डोक्यावर ओतायचा नाही, तो एका जागी बसतो आणि जटेतून निघत नाही. लहान बाटलीत पाणी घेऊन त्यात चमचाभर शॅम्पू हलवून घ्यायचा. बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं की धार नेमकी कातडीवर सोडता येते. तुला शॅम्पू नको असेल तर रिठे आहेत. रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळायचे आणि ते पाणी जुन्या सुती कापडातून दोनदा गाळून घ्यायचं. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नकोस, फार झोंबतं. शिकेकाईची पूड तशीच लावायची नाही. तिचे कण जटेत अडकून बसतात आणि तिथेच कुजतात. आपल्याकडे काही बायका काळ्या मातीनं केस धुतात. मोकळ्या केसांना ती चालेल, जटेला अजिबात नको. कपड्याच्या साबणाला तर हातही लावू नकोस. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा चिकट थर तेवढा जमतो.

धुवायची ती कातडी, जट नव्हे. हे नातीला दोनदा सांग. बोटांनी जटेच्या मुळाशी वाट करायची, कातडी दिसेल इतकी, आणि बोटांच्या पेरांनी हळूहळू चोळत जायचं. नखं लागता कामा नयेत. कपाळाची कड, कानामागचा भाग आणि मानेची खाच या तीन जागी मळ सगळ्यात जास्त धरतो, तिथे वेळ द्यायचा. खाली उतरणारा फेस जटेतून आपोआप जातो, तेवढं तिला पुरतं. मग पाणी. दोनदा, तीनदा, जटेतून निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. पहिल्या वेळी ते चहासारखं लालसर येईल, वर्षांचं कुंकू आहे ते, घाबरू नकोस. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात इतकं पाणी डोक्यावर ओतायचं म्हणजे बाईच्या जिवावर येतं, मला माहीत आहे. तेव्हा घमेल्यावर वाकून न्हा आणि तेच पाणी परसातल्या झाडांना घाल. पण खळबळून धुण्यात काटकसर नको. आत राहिलेला फेस न धुण्याइतकाच त्रास देतो.

सगळ्यात महत्त्वाचं वाळवणं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पितो आणि जटेच्या पोटात त्याहून कितीतरी पाणी अडकून राहतं. वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. त्या ओलीत बुरशी धरते आणि दिवाळीत मला आला तो वास सुरू होतो. म्हणून न्हाल्यावर जुन्या लुगड्याच्या कापडात जट धरून वरून खाली दाबत यायचं. कपड्यासारखी पिळायची नाही, मुळांना ओढ बसते. मग उन्हात बसायचं, डोक्यावरून पदर न घेता. तुला पदराशिवाय अंगणात बसणं अवघड वाटतं, तर मागच्या परसात बस, पण बस. जाड भाग मधूनमधून दाबून पाहायचा. गार लागला की आत पाणी आहे असं समजायचं. थंडीच्या दिवसांत पुरा दिवस लागेल, लागू दे. ओली जट बांधायची नाही आणि तशी घेऊन झोपायचं तर मुळीच नाही. उशीचा अभ्रा दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायचा.

तेलाबद्दल तू ऐकणार नाहीस, तरी सांगते. रोज पळीभर खोबरेल जटेवर ओतायचं बंद कर. कोंड्याला तेल हा उपाय नाही, त्यानं कोंडा वाढतो. मघाशी सांगितलेली बुरशी त्याच तेलावर जगते. कातडी फारच कोरडी पडली तर बोटाला दोन थेंब घेऊन तेवढ्याच जागी लाव. कोंडा आणि खाज जास्त असेल तर औषधाच्या दुकानात केटोकोनाझोलचा शॅम्पू मिळतो. तो कातडीला लावून पाच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा, आठवड्यातून दोनदा, काही आठवडे. आधी डॉक्टरांना दाखवून घेऊ. आणि कुंकू! जुन्या काळी हळदीचं कुंकू होतं. आता बाजारात मिळतं त्यात बहुधा कारखान्यातला रंग असतो, आणि तो खूप जणींच्या कातडीला सोसत नाही. कपाळी लाव, देवीच्या तांदळ्याला वाहा, जटेच्या मुळाशी भरू नकोस. राख, भंडारा, अंगारा यांचंही तेच. दर्शनाला येणाऱ्या बायांना हात जोडून सांग, “माझ्या पायाला हात लावा, डोक्यात काही टाकू नका.” त्या ऐकतील, तुझं ऐकतात.

उवांचं बोलताना तुला लाज वाटते. त्यात लाजेसारखं काही नाही, ऊ गरीब-श्रीमंत पाहत नाही. पण जटेत फणी शिरत नाही, म्हणून लिखा आत सुरक्षित राहतात आणि सात ते दहा दिवसांत पुन्हा नव्या उवा निघतात. परमेथ्रिनचं औषध मिळतं. ते डॉक्टरांना विचारून, कातडीवर पोचेल असं लावायचं, सांगितलेल्या वेळेनं धुवायचं आणि आठवड्या-दहा दिवसांनी परत लावायचं. घरातल्या सगळ्यांना त्याच दिवशी, नातीलाही. नाहीतर तिच्याकडून तुझ्याकडे आणि तुझ्याकडून तिच्याकडे हा फेरा चालूच राहील. एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. रॉकेल नाही आणि घरात कपाशीवर फवारायला आणलेलं औषध तर स्वप्नातही नाही. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतकरी, शेतमजूर गेले ते सगळ्या विदर्भाला माहीत आहे. ते विष कातडीतूनही अंगात जातं आणि फोडलेल्या, खाजवलेल्या कातडीतून तर लवकर जातं. तरीही उवांसाठी ते डोक्याला चोळून दवाखान्यात आलेली माणसं मी पाहिली आहेत.

जटेतून पू आला, ताप आला, मानेत गाठी आल्या, आत काही वळवळतंय असं वाटलं, तर कुणाला विचारत बसू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ. उघड्या, ओल्या जखमेवर माशी अंडी घालते आणि जटेखाली झालेल्या अळ्या बाहेरून दिसत नाहीत. वाशीमला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. पूर्वीसारखं प्रत्येक दुखण्याला अकोला-नागपूर धावायला नको. डॉक्टर हसतील, ओरडतील, जट कापून टाकतील ही भीती मनात ठेवू नकोस. तुझ्या संमतीशिवाय तुझ्या केसाला कुणी कात्री लावणार नाही. मी बरोबर येते.

वजनाचंही एकदा बोलू. तू जटेचा अंबाडा बांधतेस, त्यावर चुंबळ ठेवतेस आणि चुंबळीवर हंडा किंवा सरपणाची मोळी. मान दुखते म्हणून तू मला बाम मागतेस. मावशी, बाम काय करणार? सगळा भार ज्या मुळांवर लोंबतो, तिथले केस तुटताहेत. कपाळावर तुझे केस मागे सरकलेले दिसतात, ते म्हातारपणानं नाही, ओढीनं. जट ठेवायची तर सैल सोड, रात्री बाजूला घेऊन झोप. डोक्यावरून ओझं वाहणं बंद. हे सुनेला मी फोनवर सांगितलं आहे आणि ती हो म्हणाली आहे.

तुझा पुण्याचा नातू गेल्या वर्षी केसांच्या लांब वळ्या करून आला, तेव्हा तू त्याला हात जोडलेस आणि तो ओशाळला, आठवतं? त्याला ड्रेडलॉक्स म्हणतात. सलूनमध्ये पैसे मोजून, केस वळून वळून मुद्दाम गुंतवतात. जमैका नावाच्या बेटावर रास्ताफारी पंथाची माणसं धर्म म्हणून असे केस वाढवतात. त्यातले पुष्कळ जण बाजारचा शॅम्पू टाळून कोरफडीसारख्या वनस्पतींनी धुतात, पण धुतात. तुझा नातू दर रविवारी डोकं धुतो, पंख्याखाली वाळवतो, बाटलीनं पातळ शॅम्पू लावतो. वर मी जे लिहिलं त्यातलं बरंच त्याच्याकडून शिकून, माझ्या कामातल्या ज्ञानाशी ताडून लिहिलं आहे. केस त्याचेही गुंतलेले आणि तुझेही. त्याच्या डोक्याला वास नाही, जखम नाही. आणि कंटाळा आला की तो कात्री लावेल, कुणाला विचारणार नाही, कुणी मरेल अशी भीती त्याच्या मनात येणार नाही. तुझी आणि त्याची देवी वेगळी नाही. तुझ्यावर भीती घातली गेली, त्याच्यावर घातली गेली नाही, फरक एवढाच.

ही भीती फक्त आपल्याकडची आहे असंही समजू नकोस. युरोपात पोलंड म्हणून देश आहे. तिथे शेकडो वर्षं लोकांच्या डोक्यावर अशाच जटा असायच्या, बायांच्या आणि पुरुषांच्याही. जट कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, आजार उलटतो, असं तिथेही मानत. एकोणिसाव्या शतकात क्राकूव शहरातले डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी ही काही दैवी गोष्ट नाही, अस्वच्छतेचा प्रश्न आहे, असं ठासून मांडलं आणि जटा असलेल्या लोकांची मोजणी करायला घेतली. तर गावोगाव बोलवा उठली, की सरकार आता जटेवर कर बसवणार! मग म्हणतात की लोकांनी आपापल्या जटा कापून टाकल्या. आंधळं कुणी झालं नाही. डिट्ल पुढे त्या शहराचे महापौर झाले. आज तिथे जट पाहायची तर वैद्यकीय संग्रहालयात जावं लागतं.

आपल्या महाराष्ट्रात हे काम अजून चालू आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घालून मारलं. त्यांच्या समितीत काम केलेल्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांचा आधी ब्युटी पार्लरचा व्यवसाय होता. तो बाजूला ठेवून त्यांनी शेकडो बायकांच्या जटा स्वतःच्या हातानं सोडवल्या. मला त्यांच्या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं ते कात्री नव्हे, बोलणं. बाईच्या घरी जायचं, तिच्या शेजारी बसायचं, नवऱ्याशी, सासूशी बोलायचं, नकार ऐकून परत यायचं आणि पुन्हा जायचं. बाई स्वतः हो म्हणाली तरच केसाला हात. जटा निघाल्यावर बायका पहिल्यांदा मान इकडून तिकडे फिरवून पाहतात, असं अशा बायांकडून मी ऐकलं आहे.

जटेपायी कोल्हापूर, सांगली आणि पलीकडे बेळगावकडे याहून वाईट घडलं आहे. पोरीच्या केसात गुंता दिसला की तिला यल्लम्मा देवीला सोडायचं. आपण दोघींनी टीव्हीवर राजीव पाटलांचा ‘जोगवा’ चित्रपट पाहिला होता. त्यातल्या सुलीचं तेच होतं आणि तू मधेच उठून चूल फुंकायला गेलीस. तुझं लग्न झालेलं होतं, पोरं झालेली होती, म्हणून तू त्यातून वाचलीस. पण नातीचे केस आता लांब आहेत. तिच्या डोक्यात कधी गुंता झाला, तर पहिल्या दिवशी तेल लावून, टोकाकडून वर जात, मोठ्या दाताच्या फणीनं तो सोडवायचा. कुणाला दाखवायला न्यायचं नाही. यात माझ्याकडून कसलीही तडजोड होणार नाही.

आणि जो कुणी तुला सांगतो, की जटेला हात लावलास तर घरावर संकट येईल, त्याला विचार की हे तो पोलीस पाटलासमोर बोलेल का? २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं, अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून लोकांना भीती घालणं आणि आपलं न ऐकल्यास वाईट होईल अशी धमकी देणं हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तुझ्या भक्तीला त्या कायद्याचा हात लागत नाही. तू माहूरला जा, पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेला जा, जोगवा माग. भीती सोडली म्हणून भक्ती सुटत नाही. आजोबांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं आणि घरी येऊन नवसाचं बोकड कापायचं बंद केलं, ही गोष्ट तूच आम्हाला सांगायचीस. पंढरीची वारी मात्र त्यांनी सोडली नाही.

तुला माझं मत हवं असेल, तर तेही स्पष्ट लिहिते. तरुण, धडधाकट माणसानं नीट धुऊन, वाळवून गुंतलेले केस ठेवले तर काही बिघडत नाही. तुझं तसं नाही. तुझं वय, तुझी साखर, तुझी मान आणि कानामागची ती जखम पाहता, ही जट जायला हवी. केसाला नस नसते, त्यात रक्त नसतं, कापताना दुखत नाही. जिवंत असतं ते कातडीतलं मूळ, आणि त्याला कात्री लागत नाही. कातडीजवळचे नवे केस अजून सुटे असतात, ते चार बोटं राखून जट हळूहळू कापता येते. मग तेच केस वाढतात. कापलेली जट टाकायला तुझं मन होणार नाही, तर माहूरला नेऊन रेणुकेच्या पायरीशी ठेव, तिची तिला परत दे. पण हे सगळं तू म्हणशील तेव्हा. तू नाही म्हणालीस, तरी दर आठवड्याचं न्हाणं चुकवायचं नाही.

हे छापील पत्र ज्यांच्या हाती पडेल, त्या घरांतल्या लेकी-सुनांनाही माझं सांगणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, गल्लीत जट असलेली बाई असेल, तर तिच्याशी देवीवरून वाद घालू नका, तिला हसू नका, तिच्या पायाही पडू नका. तिच्यासाठी बादलीभर कोमट पाणी तापवा आणि तिच्या कानामागे, मानेवर काय झालं आहे ते पाहा. जखम असेल तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

मावशी, येत्या रविवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या एसटीनं मानोऱ्याला उतरते, तिथून भाऊ घ्यायला येतो म्हणाला आहे. शॅम्पू आणि कानामागच्या जखमेचं मलम मी आणते. शनिवारी रात्री रिठे तेवढे भिजत घाल.

तुझी भाची